नोंदीपर्यंतची वाट

मामांना त्यांच्या वडिलांच्या नावाचा खासरा पत्रकातला उतारा हवा होता. साल १९५४-५५. शेजाऱ्याशी बांधावरून कुरबूर चालू होती. त्या साली नोंदलेले क्षेत्र कागदावर दाखवता आले, तर बोलणे लवकर मिटणार होते. मी म्हणालो, "मामा, काळजी करू नका. तो कागद माझ्याकडे आहे."

आणि तो होताच. जाफराबाद तालुक्यातल्या दहा-बारा गावांत फिरून, लोकांच्या घरी पेटीत, माळ्यावर, देवघराच्या फडताळात पडलेले जुने कागद मी कित्येक वर्षे फोटो काढून जमवतो आहे. माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान होते. संगणकाचे शिक्षण म्हणाल तर तेवढेच. बाकी चुकत चुकत शिकलो. फोटोंची यादी करण्यासाठी एका मोफत सॉफ्टवेअरवर मी स्वतःच एक छोटी प्रणाली बांधली होती. गाव टाका, सर्व्हे नंबर टाका, नोंद दिसेल, शेजारच्या चौकटीत कागदाचा फोटो दिसेल.

त्या संध्याकाळी गाव टाकले. काहीच आले नाही. नुसता सर्व्हे नंबर टाकला. चार नोंदी आल्या, चौकटी मात्र चारही रिकाम्या. पुढचे तीन आठवडे मी हार्डडिस्क, पेनड्राइव्ह, जुन्या सीड्या उपसत होतो. तेवढ्यात चार माणसे बसली आणि मामांनी तडजोड केली. दोन गुंठे सोडले. त्यानंतर आठवड्याने फोटो सापडला, 'आयएमजी ००४७' अशा नावाने, जिथे असायला हवा होता त्याच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये.

मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "कागद तर हरवला नव्हता म्हणतोस. मग हरवलं काय?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

फाइल आणि तक्ता

संगणकात माहिती ठेवण्याचे ढोबळ मार्ग दोन. पहिला फाइलचा. कागदाचा फोटो, पत्र, ध्वनिमुद्रण हे जसेच्या तसे एका गठ्ठ्यात ठेवायचे आणि गठ्ठ्याला नाव द्यायचे. पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवले गेले, तशातलाच प्रकार. रुमालाच्या आत काय आहे हे गाठ सोडल्याशिवाय कळत नाही. दुसरा मार्ग डेटाबेसचा. इथे माहितीचे तुकडे करून रकान्यांत भरतात. नावाचा रकाना वेगळा, क्षेत्राचा वेगळा, सालाचा वेगळा. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध लिहून या तक्त्यांचे आणि त्यांच्यातल्या नात्यांचे शास्त्र मांडले. आजच्या बहुतेक बँका, रेल्वे आरक्षण, सरकारी कचेऱ्या यांचे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला कॉड लागत नाही. सातबारा पुरतो. सातबारा हा एक कागद दिसतो, पण मुळात ते दोन तक्ते आहेत. तलाठ्याच्या दप्तरात एक ते एकवीस असे गाव नमुने असतात. त्यातला नमुना सात हा हक्काचा, नमुना बारा हा पिकांचा. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर हा दोहोंतला समान धागा. त्या धाग्याने दोन तक्ते जोडून जे पान निघते, त्याला आपण सातबारा म्हणतो. त्याच पानावर वर्तुळात काही आकडे लिहिलेले असतात. ते फेरफारांचे क्रमांक. त्यातला एक आकडा धरून नमुना सहाची वही उघडली, की जमीन कोणाकडून कोणाकडे, कशाने आली ते सापडते. डेटाबेसवाले ज्याला एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्याकडे जाणारी किल्ली म्हणतात, ती आपल्या तलाठ्यांनी संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून वर्तुळात लिहून ठेवलेली आहे.

मधला दुभाषा

आता तिसरी गोष्ट. आपण पडद्यावर जे पाहतो, ती नमुन्याची चौकट, 'शोधा' असे लिहिलेले बटण, छापायचा उतारा, हे सगळे म्हणजे ॲप्लिकेशन. ते बांधण्यासाठी तयार चौकट देणारी सॉफ्टवेअरे असतात. तीत खिडक्या आखता येतात, उतारे आखता येतात. पण या चौकटीला स्वतःची माहिती नसते. तुमचा डेटाबेस कुठे आहे आणि तुमच्या फाइली कुठे आहेत, हे तिला सांगावे लागते. हे सांगणे म्हणजेच जोडणीची मांडणी. दोन-चार खिडक्या, आठ-दहा ओळी. बहुतेक जण त्या एकदा भरतात आणि विसरतात. मीही तेच केले होते.

या ओळींत चार प्रश्नांची उत्तरे असतात. माहिती कुठे आहे? ती कोणत्या लिपीत, कोणत्या मापात लिहिली आहे? विचारणारा कोण? आणि त्याला काय करण्याची मुभा आहे? ॲप्लिकेशनची बोली आणि डेटाबेसची बोली वेगळी असते, म्हणून मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा बसवतात. वेगवेगळ्या डेटाबेसांशी एकाच पद्धतीने बोलता यावे म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ओडीबीसी नावाची सामाईक रीत आणली. दुभाषा जुना असला किंवा चुकीचा निवडला, तर दोन्ही बाजू धडधाकट असूनही संवाद होत नाही.

जाफराबादच्या माणसाला दुभाष्याचे महत्त्व सांगायला नको. आमचा तालुका पूर्णेच्या खोऱ्यात, निजामी राज्याच्या कडेला. शिवेपलीकडे बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड नावाला निजामाचे, पण १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली. इकडे १९४८ पर्यंत वरिष्ठ कचेरीची भाषा उर्दू, कायदा हैदराबादचा, वर्ष फसली. तिकडचे कागद मराठीत, बरेचसे मोडीत. सोयरिकी मात्र दोन्हीकडे. माहेरच्या जमिनीचा कागद एका रीतीचा आणि सासरचा दुसऱ्या रीतीचा, अशी घरे मी पाहिली आहेत. त्या दोन कागदांना एकमेकांशी बोलते करणारा माणूस गावात एखादाच असे आणि तो गेला की कागद मुके होत.

पत्ता

माझी पहिली चूक पत्त्याची. फोटो डेटाबेसच्या आत ठेवायचे की बाहेर फोल्डरमध्ये ठेवून आत फक्त पत्ता लिहायचा, हा नेहमीचा प्रश्न असतो. आत ठेवले तर एकत्र राहतात, पण डेटाबेस फुगतो आणि एक बिघाड सगळ्यालाच भोवतो. मी सुरुवातीला सगळे एकाच फाइलमध्ये ठेवले होते. एका रात्री साठवणूक चालू असताना वीज गेली आणि दोन महिन्यांचे काम परत उघडलेच नाही. दोष माझा होता. दुसरी प्रत काढलेली नव्हती.

मग मी फोटो बाहेर काढले आणि प्रत्येक नोंदीत पूर्ण पत्ता लिहिला. अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाइल. पेनड्राइव्हला संगणकाने तेव्हा 'ई' हे अक्षर दिले होते. पुढे संगणक बदलला आणि नव्या संगणकाने त्याच पेनड्राइव्हला 'एफ' म्हटले. फोटो जागच्या जागी होते, पत्ते सगळे खोटे ठरले. त्या गोंधळात मी काही फोल्डर हातानेच इकडचे तिकडे केले आणि उरलीसुरली वाटही मोडली. मामांच्या कागदाची रिकामी चौकट ही त्याचीच.

याचा उपाय साधा आहे. नोंदीत पूर्ण पत्ता लिहायचा नाही, अर्धाच लिहायचा. 'मूळ फोल्डरच्या आत, या गावाच्या फोल्डरमध्ये, ही फाइल' एवढेच. मूळ फोल्डर कुठे आहे हे फक्त एका जागी, मांडणीत लिहायचे. घर बदलले तर एक ओळ बदलायची, हजार नाही.

लिपी

दुसरी चूक लिपीची, आणि ती या अंकाच्या वाचकांच्या जवळची आहे. आपले दिवाळी अंक वर्षानुवर्षे ज्या फॉन्टांत जुळवले गेले, त्यांतल्या अनेकांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतेच. रोमन अक्षराच्या खोबणीत देवनागरी आकार बसवलेला असतो. छापायला उत्तम, शोधायला निरुपयोगी. फॉन्ट काढून घेतला की पानभर अर्थहीन रोमन अक्षरे उरतात.

अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी भारतीय पद्धत म्हणजे इस्की. तिचे प्रमाण १९९१ साली ठरले. पुण्याच्या सी-डॅकच्या 'जिस्ट' तंत्राने ती सरकारी कचेऱ्यांत पोचवली. त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा क्रम इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरून घेतला गेला. पण साठवण्याची रीत बदलली. इस्कीत 'जाफराबाद' हा शब्द आठ बाइटांत मावत असे, कारण काना धरून त्यात आठ चिन्हे आहेत. युनिकोडच्या आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ रीतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे त्याच शब्दाला चोवीस. बाइटांत मोजून वीसचा रकाना आखलेला असेल, तर आमच्या गावाचे नाव त्यात मावत नाही.

याहून घातक चूक जोडणीतली असते. डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये आहे, ॲप्लिकेशनही आहे, पण मधल्या दुभाष्याला कोणी ते सांगितलेच नाही. मग दोन प्रकार घडतात. कधी पडद्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरे दिसतात. ते दिसायला भयंकर, पण खाली मूळ मजकूर बहुधा शाबूत असतो, मांडणी सुधारली की परत मिळतो. कधी मात्र प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. ते प्रश्नचिन्हच साठवले गेले, तर मजकूर कायमचा गेला. माझ्या दोन गावांच्या नोंदींतली नावे अशी गेली. फोटो होते म्हणून पुन्हा वाचून भरता आली.

आणखी एक बारीक गोष्ट. युनिकोडच्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे. मराठी कोशात तो 'ह'नंतर येतो. डेटाबेसला मराठी क्रम सांगितला नाही, तर यादी लागते, पण आपल्या सवयीच्या जागी नाव सापडत नाही आणि माणूस समजतो की नोंदच नाही.

माप आणि साल

तिसरी चूक मापाची. जुन्या कागदांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे. २ एकर ३० गुंठे हे मी रकान्यात २.३० असे भरले. दुसरा तुकडा १ एकर २० गुंठ्यांचा, तो १.२०. बेरीज ३.५० आली. एकरात गुंठे चाळीसच असतात, म्हणजे खरी बेरीज ४ एकर १० गुंठे. संगणकाने बेरीज बरोबरच केली होती. रकान्यातला टिंब दशांशाचा आहे की एकर-गुंठ्यांमधला, हे त्याला मी सांगितले नव्हते. हेक्टर-आरमध्ये ही अडचण येत नाही, कारण हेक्टरात आर शंभर. म्हणून आता मी सगळे क्षेत्र सर्वांत लहान मापात, गुंठ्यांत साठवतो आणि दाखवताना एकरात किंवा हेक्टरात बदलतो. १७० गुंठे म्हणजे सुमारे १ हेक्टर ७२ आर.

हिश्श्यांचे त्याहून मजेदार. तीन भावांत सारखी वाटणी झाली, तर दशांशात प्रत्येकी ०.३३ येते आणि बेरीज ०.९९ होते. उरलेला शंभरावा भाग कोणाचा? जुन्या माणसांनी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै धरल्या होत्या. रुपयात पै १९२. तीनने भागल्यावर बरोबर ५ आणे ४ पै येतात, काहीही उरत नाही. आणेवारी मागासलेली म्हणून टाकून देणाऱ्याने हे एकदा करून पाहावे. संगणकात अपूर्णांक ठेवायचा असेल, तर वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळ्या रकान्यांत ठेवणे हाच त्याचा आजचा पर्याय.

साल असेच. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९०७. पण तिथले फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागे, त्यामुळे एक फसली साल दोन इसवी सालांवर पसरते. संगणकाच्या तारखेच्या रकान्यात १३१७ भरले, तर तो निमूटपणे चौदाव्या शतकात जातो. मूळ साल जसेच्या तसे एका रकान्यात आणि इसवी सन दुसऱ्यात, असे दोन रकाने ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

गावाच्या नावाने शोध का लागला नाही, तेही याच जातीचे. मामांच्या गावाचे नाव मी एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ लिहिले होते. शिवाय जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधीच्या कागदावर जाफराबाद हा औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका आणि त्या जिल्ह्याचेही नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. नाव ही किल्ली होऊ शकत नाही. नाव बदलते, क्रमांक टिकतो. म्हणूनच २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा गावाच्या नावाबरोबर गावाचा सांकेतिक क्रमांकही आला.

हात कोणाचा

चौथा प्रश्न मुभेचा. डेटाबेसमध्ये कोणाला फक्त पाहता यावे, कोणाला लिहिता यावे, कोणाला खोडता यावे, हे वेगवेगळे ठरवता येते. सोयीसाठी सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन टाकण्याचा मोह होतो. आमच्या घरी भाच्याने खेळता खेळता एक आख्खे गाव पुसले, तेव्हा मला तलाठी दप्तराची शिस्त आठवली. फेरफाराची नोंद एकाने लिहायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी मुदत ठेवायची आणि प्रमाणित दुसऱ्याने, मंडळ अधिकाऱ्याने करायची. आणि जुने नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा. कंसातले नाव वाचता येते. नव्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेघ आली, पण नाव वाचता यावे ही रीत टिकली. आता माझ्या प्रणालीतही पुसण्याचे बटण नाही. 'रद्द' असा एक रकाना आहे.

राज्याएवढे दप्तर

माझा पसारा हजार-बाराशे फोटोंचा. हेच चार प्रश्न राज्याच्या पातळीवर आले, तेव्हा काय झाले? भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. पुढे दुय्यम निबंधक कार्यालयातली दस्तनोंदणीची प्रणाली ई-फेरफारला जोडली गेली, म्हणजे खरेदीखत झाले की त्याची माहिती फेरफारासाठी आपोआप पोचावी. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याच्या सहीसाठी तीनदा हेलपाटे घातलेल्या माणसाला याची किंमत सांगावी लागत नाही.

पण हस्तलिखित पान तक्त्यात उतरवताना चुका झाल्याच. नावातली वेलांटी, क्षेत्रातला आकडा, सुटलेला खातेदार. मूळ पानाशी ताडून पाहण्यासाठी गावोगाव चावडीवाचन करावे लागले आणि महसूल संहितेच्या कलम १५५ खाली, म्हणजे लेखनप्रमाद दुरुस्तीच्या कलमाखाली, दुरुस्त्या कराव्या लागल्या. या दुरुस्त्या शक्य झाल्या, कारण मूळ पान शिल्लक होते आणि तक्त्यातल्या ओळीवरून त्या पानापर्यंत जाता येत होते. जिथे ती वाट तुटली, तिथे खातेदाराला आपलेच नाव सिद्ध करत बसावे लागते.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामामुळे मराठवाड्यात निजामकालीन कागदांचा मोठा शोध झाला. त्यामागच्या सामाजिक प्रश्नावर बोलण्याची ही जागा नव्हे. मी फक्त कागदांपुरते बोलतो. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, दप्तरे उघडली गेली, स्कॅन केलेली पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. लोक माझ्याकडे मोबाइल घेऊन येत. पान समोर दिसते आहे, पण ते कोणत्या गावाचे, कोणत्या सालाचे, पणजोबांचे नाव त्यात कुठे, हे कळत नाही. स्कॅन ही फाइल झाली, रुमालच तो, फक्त काचेमागे गेलेला. त्याला गाव, साल, सर्व्हे नंबर, नाव यांचा तक्ता जोडला, तरच तो त्या माणसाच्या कामाचा. त्या एका पानासाठी एका मुलाची प्रवेशाची मुदत थांबलेली मी पाहिली आहे.

वाटेचा कागद

मामांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना नंतर दिले. हरवली होती ती वाट. नोंद तक्त्यात होती, कागद फोल्डरमध्ये होता आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या आठ-दहा ओळी कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. त्या माझ्या डोक्यात होत्या आणि डोके विसरले.

आता मी एक साधा कागद लिहून ठेवला आहे, मराठीत, हाताने. मूळ फोल्डर कुठे. डेटाबेस कोणता, कोणत्या आवृत्तीचा. लिपीची रीत यूटीएफ-८. क्षेत्र गुंठ्यांत. साल दोन रकान्यांत. गावांचे क्रमांक आणि त्यांची जुनी-नवी नावे. लिहिण्याची मुभा कोणाला. दुसरी प्रत कोणाच्या घरी आणि ती कधी ताडून पाहिली. सगळे मिळून दीड पान भरते. पासवर्ड त्यात नाही, तो बंद पाकिटात वेगळा. मी उद्या नसलो तरी थोडेफार संगणक जाणणारा कोणीही ते दीड पान वाचून सगळे पुन्हा जोडू शकेल. खात्री करायला मी भाच्यालाच बसवले. त्याच, गाव पुसणाऱ्या. दुसऱ्या संगणकावर, मला काही न विचारता. तीन ठिकाणी अडला. त्या तीन ओळी मी कागदावर वाढवल्या.

ज्यांच्याकडे घरचे कागद, एखाद्या ग्रंथालयाची सूची, नियतकालिकाचे जुने अंक संगणकात आहेत, त्यांनी या दिवाळीत एवढे करावे. ते दीड पान लिहावे आणि दुसऱ्याच्या हातून तपासून घ्यावे.

मामांना खासरा पत्रकाचा तो फोटो मी छापून, चौकटीत बसवून दिला. उपयोगाची वेळ गेली होती. त्यांनी तो ओटीवर लावला आहे. खाली, कोपऱ्यात, मी बारीक अक्षरात गावाचा क्रमांक, सर्व्हे नंबर आणि फाइलचे नाव लिहिले आहे.